जनकाबाईचं वावर

चिखली,
४ ऑगस्ट २०२५

मंजुश्री इंगळे बाईंना,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच रद्दीत टाकाल, हे मी धरून चाललो होतो. म्हणून पत्ता आमच्या आशाकडून लिहून घेतला. तिचा 'ज' आणि 'झ' सारखाच दिसतो. पोस्टमनने नागपुरात कुणा 'मंझुश्री'चा शोध घेतला असेल तर माफ करा. आता फोडलंच आहे तर वाचाच.

आधी कामाचं सांगतो. आपल्या सुबोध हायस्कूलला येत्या जानेवारीत शंभर वर्षं पूर्ण होतात. १८ तारखेला, रविवारी, मोठा कार्यक्रम आहे. त्यानिमित्त स्मरणिका निघणार आणि तिच्यात शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोणी घातलं? संजीवनीने. दहावी ब, १९९४, दोन वेण्या, आणि प्रत्येक प्रश्नाला "सर, मले येते!" असं ओरडणारी. ती 'मला' म्हणेपर्यंत मी तिला बाकावर उभी करायचो. ती आता आपल्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. परवा तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती फोनवर बोलत होती, मी आपला दाराशी उभा. फोन ठेवून म्हणाली, "बसा नं सर. काऊन उभे राह्यले?" मी काऊन उभा राहिलो ते मला चांगलं ठाऊक होतं.

तर इतिहास. १९२६ साली एकतीस मुलं, दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. संस्थापक शंकरराव वकील. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पुढची गाडी मात्र अडते. पहिल्या वर्षाचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, तर वाळवीने त्यातली पहिली एकोणीस नावं फस्त केली आहेत. तिलाही नेमकी तीच पानं रुचली. तुमचे वडील कचरूजी त्या पहिल्या तुकडीत होते आणि त्यांना अख्ख्या वर्गाची नावं तोंडपाठ होती, हे तुम्ही एकदा डबा खाताना सांगितलं होतं. ती नावं तुमच्याकडे लिहिलेली असतील तर पाठवाल का? आणि तुमच्या आजी, जनकाबाई, यांच्याबद्दलही दोन ओळी हव्यात.

जनकाबाईंचं नाव काढलं, तेव्हा त्या दुसऱ्या विषयावरून उडी मारून जाणं बरं दिसत नाही. २००१च्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत तुमच्या लेखात छापखान्याने एका शब्दाचं लिंग बदललं आणि अर्थाचा अनर्थ झाला. मी संपादक होतो, मला वाईट वाटलं, आणि तसं मी तेव्हाच शिक्षक-खोलीत सर्वांसमक्ष बोललो होतो. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पुरी दहा वर्षं, एकाच टेबलावर आपण डबे उघडले आणि तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मिठाची पुडीसुद्धा तुम्ही शिपाई गोविंदामार्फत पाठवायचात. एका छापखान्याच्या चुकीसाठी दहा वर्षं जरा जास्तच झाली, असं मला आजही वाटतं.

असो. नावं मात्र पाठवा.

तुमचा (हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तुम्हीच ठरवा)
चंद्रशेखर दातार


चिखली,
२ सप्टेंबर २०२५

इंगळे बाई,
सप्रेम जय भीम.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच शब्द आहे: "छापखान्याने?" प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलंय की कार्डाच्या मागच्या बाजूला हाताला लागतं. आशाने ते फ्रीजवर चिकटवून ठेवलंय. येताजाता मला दिसतं.

उत्तर देतो. पण त्याआधी तुम्हाला भुताची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय उत्तर कळणार नाही.

आपल्या शाळेत भूत आहे. खोली नंबर नऊच्या मागे, मैदानाच्या कडेला जे लिंबाचं झाड आहे ना, तिथे त्याचा मुक्काम. भूत मोठं गुणी आहे. कुणाला झपाटत नाही, पछाडत नाही, फक्त दहावीच्या मुलांना मदत करतं. बोर्डाच्या परीक्षेआधी पोरं तिथे पेन ठेवतात, चिवड्याच्या पुड्या ठेवतात आणि डोळे मिटून म्हणतात, "बीजगणित सोपं येऊ दे." संजीवनी हैराण झाली होती. तिने अंधश्रद्धेवर व्याख्यान ठेवलं. व्याख्याते रंगात आले आणि माईक बंद पडला. चौदाशे पोरं एका सुरात ओरडली, "जनकाबाई!"

हो, बाई. भुताचं नाव जनकाबाई.

संजीवनी मला म्हणाली, "सर, इतिहास तुमी लिहून राह्यले. मंग हे भूत कोठून आलं तेबी पाहा." मी गोविंदाला गाठलं. त्याचं आता निवृत्तीला एक वर्ष उरलंय. आपल्या सगळ्यांपेक्षा त्याला शाळेची जास्त माहिती.

"तिची जागाच हाये ते सर," तो म्हणाला. "पुस्तकात लिहून हाये."

"आणि ठेवलेला चिवडा कोण खातं?"

"जनकाबाई."

"गोविंदा."

"आता तिनं नाई खाल्ला त मी खातो सर. अन्न वाया काऊन जाऊ द्याव?"

'पुस्तकात लिहून हाये' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माग काढत गेलो. हल्लीची पोरं हे ऐकतात वरच्या वर्गाकडून. असं मागे जात जात पहिल्या पोरांनी ते ऐकलं २०१६च्या स्नेहसंमेलनातल्या निवेदनात. निवेदन लिहिणाऱ्या मास्तरांनी उतरवून घेतलं २००९च्या माहितीपुस्तिकेतून. आणि पुस्तिकेत ते आलं होतं आपल्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेतून, पान १४, ओळ नववी, लेखिका मंजुश्री इंगळे: "जिथे आज आपल्या शाळेचं मैदान आहे, तिथे माझी आजी जनकाबाई हिचा वावर होता. तो तिने शाळेला दिला."

मी ही ओळ घरी मोठ्याने वाचली. आशा मेथी निवडत होती. ती इतकी हसली की मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत गेली. म्हणाली, "अहो, वावर होतं म्हणा! वावर! शेत होतं तिचं. ते तिनं शाळेले देलं. हिंडाफिरायचा वावर कोणी कोणाले देते का? देल्यावर मंग भूतच होईन नं!" आणि वर, "तीस वर्सं पोराइले मराठी शिकोलं तुमी."

तेव्हा आता तुमच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर. छापखान्याने नाही. मी. तुमच्या हस्तलिखितात स्वच्छ होतं: "जनकाबाई हिचं वावर होतं. ते तिने शाळेला दिलं." लाल पेन माझं. 'हिचं'चं 'हिचा' केलं, 'होतं'चं 'होता', 'ते'चं 'तो', 'दिलं'चं 'दिला'. चार ठिकाणी पेन टेकवून मी दोन एकर जमीन नाहीशी केली आणि तिच्या जागी एक भूत उभं केलं. नंतर तुम्ही शिक्षक-खोलीत विचारलंत तेव्हा सर्वांसमोर छापखान्यावर ढकललं. छापखान्याचे मालक उकंडराव तिथे नव्हते, त्यामुळे सोपं गेलं.

का केलं ते विचाराल. गडबड होती हो. साठ पानांची प्रुफं, दुसऱ्या दिवशी छपाई. 'वावर' पुल्लिंगी, म्हणून 'वावर होता'. व्याकरण बघितलं, अर्थ बघितला नाही. मराठीच्या मास्तराची खोड, दुसरं काय. चूक कबूल आहे, आणि ती मी चोवीस वर्षं लपवली तेही कबूल आहे. मला वाटतं यात सगळं आलं.

आता तरी नावं पाठवाल ना?

चंद्रशेखर दातार


चिखली,
१२ ऑक्टोबर २०२५

मंजुश्रीबाई,

तुमचं दुसरं कार्ड आलं. या खेपेला पूर्ण वाक्य होतं, म्हणजे प्रगती आहे. "तुमच्या सासऱ्यांचं अमडापूरचं वावर कधी पुल्लिंगी झालं का हो सर?"

पहिले दोन दिवस मी चिडलो होतो. घरात फेऱ्या मारत तुमच्याशी भांडलो. आशा म्हणाली, "बाईले नागपूरले ऐकू येत नाई. बसा."

तिसऱ्या दिवशी उकंडरावांकडे गेलो. छापखाना कधीच बंद झाला, आता तिथे मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. उकंडराव कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या लग्नपत्रिकेतल्या चुका सांगतात. मी म्हणालो, "उकंडराव, २००१च्या स्मरणिकेतली ती चूक मी तुमच्या नावावर खपवली. माफी मागायला आलोय."

ते म्हणाले, "माहीत हाये मले. पण सर, मी तवाच तुमाले म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"विसरले का? प्रुफं घेऊन मी सोता शाळेत आलतो. म्हटलं, सर, हे वावर बरोबर हाये, वावर म्हंजे शेत, बाईचं शेत होतं ते. तुमी म्हणले, 'उकंडराव, त्यांचं कुठलं आलंय शेत? तुम्ही दुरुस्तीप्रमाणे छापा.' मंग मी छापलं."

बाई, दुकानातल्या स्टुलावर बसलो आणि मला ते सगळं आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच. मी ते विसरलोच नव्हतो, फक्त त्या दिशेला पाहत नव्हतो.

मला वावर म्हणजे शेत हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? सासऱ्यांचं अमडापूरचं अठरा एकर वावर आहे. दर उन्हाळ्यात त्या वावरातल्या झाडाखाली बसून मी आंबे खाल्ले. 'वावर चांगलं पिकलं' असं मी स्वतः म्हणतो, अगदी नपुंसकलिंगी. तो शब्द मला तुम्हीच तर शिकवलात. १९७८ साली वाईहून नवा नवा आलो तेव्हा गोविंदाच्या वडिलांनी सांगितलं, "हेडसर येऊन राह्यले", आणि मी विचारलं, "कुठे राहिले? कोणाकडे?" सगळी शिक्षक-खोली हसली. तुम्ही मात्र मला बाजूला घेऊन समजावलंत की ते अजून वाटेत आहेत. त्यानंतर कुठलाही शब्द अडला की मी तुम्हाला विचारायचो. खांडूक, इरजिक, टोंगळा, सगळं. मग त्या दिवशी का नाही विचारलं? तुम्ही शेजारच्या खुर्चीवर उत्तरपत्रिका तपासत होतात. तीन सेकंद लागले असते.

विचारलं नाही, कारण मला शंका नव्हतीच. माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की जनकाबाईंसारख्या बाईच्या नावावर जमीन असणार नाही. आपली एवढी मोठी, एवढी जुनी शाळा एका महार बाईच्या शेतावर उभी असणार नाही. हे मी कधी मोठ्याने म्हणालो नाही. भाषणांतून तर बरोबर उलटं बोललो, टाळ्याही घेतल्या. पण लाल पेन हातात आलं तेव्हा जे आत होतं ते कागदावर उतरलं. तिथे माझ्या सासऱ्यांचं नाव असतं तर मी 'वावर होतं' वाचून पुढे गेलो असतो. व्याकरणाचा काही संबंध नव्हता.

मला लाज वाटते. तुम्ही आधीच्या दोन पत्रांसारखं हेही अर्धवट ठरवाल, म्हणून पूर्ण लिहिलं. तुम्ही माझी मैत्रीण होतात आणि मी तुमची आजी खोडली. मग आपल्यात जे काही होतं तेही गेलं, ते माझ्याचमुळे.

मूळ प्रुफाचं पान माझ्या कपाटात आहे. इतकी वर्षं ते मी का फाडलं नाही, मला सांगता येत नाही. सोबत पाठवतो आहे, लाल पेनासकट. कुणी विचारलं तर दाखवा. नावं पाठवा असं या वेळी म्हणत नाही.

चंद्रशेखर


चिखली,
२१ डिसेंबर २०२५

मंजुश्रीबाई,
सप्रेम जय भीम.

दहा आठवडे झाले, तुमचं काही नाही. पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जातो. तो बिचारा लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो. आशा म्हणते, "बाईनं वाचलं असंल. वाचाले येळ लागत नाई, पचाले लागते." तिचं बरोबर असणार. तरीही लिहितोय, कारण इकडे बरंच काही घडलं आणि ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये.

स्मरणिका समितीची बैठक झाली. संस्थेचे अध्यक्ष आता रवीभाऊ आहेत, शंकरराव वकिलांचे नातू. मी इतिहासाचं पहिलं पान वाचून दाखवलं. पहिल्या पानावर मी शुद्धिपत्र घातलंय. शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी असतं, हे रवीभाऊंनी लगेच सांगितलं. मी म्हणालो, हे पंचवीस वर्षं उशिरा निघालंय, त्याला शेवटपर्यंत थांबायला लावू नका. मजकूर असा:

"अमृतमहोत्सवी स्मरणिका, पान १४, ओळ ९. 'जनकाबाई हिचा वावर होता. तो तिने शाळेला दिला' याऐवजी 'जनकाबाई हिचं वावर होतं. ते तिने शाळेला दिलं' असे वाचावे. ही चूक लेखिकेची नाही, छापखान्याचीही नाही. ती संपादकाने समजून-उमजून केली आणि नंतर दुसऱ्यावर ढकलली. चं. वा. दातार."

रवीभाऊ म्हणाले, "सर, मन तुमचं मोठं आहे. पण उद्या कोणी उठून म्हणेल, जागा आमची. काही कागद आहे का?"

मी म्हणालो, "ज्यांची होती त्यांनी शंभर वर्षांत एकदाही मागितली नाही. आपणच ती पुस्तकातून काढून घेतली."

"ते खरं आहे. पण कागद?"

कागद नाही. दानपत्र झालं असणार, पण संस्थेच्या दप्तरात ते सापडत नाही. निबंधक कार्यालयात तीन खेपा झाल्या. तिथल्या जुन्या बाडांमध्ये १९२५चं सालच लागत नाही. नक्कल तुमच्याकडे असेल असं मला वाटतं, पण ती मागायचा मला हक्क नाही हे माहीत आहे. रवीभाऊ वाईट माणूस नाही. तो म्हणतो, कागद आणा, पहिल्या पानावर छापतो, वर शंकररावांच्या फोटोशेजारी जनकाबाईंचं नाव लावतो. कागद नसेल तर 'जागा एका दानशूर व्यक्तीकडून मिळाली' एवढंच. ८ जानेवारीला पानं छपाईला जातील. 'एका दानशूर व्यक्तीकडून' असं जाणार असेल तर इतिहासावरून माझं नाव काढा, असं मी त्याला सांगितलंय. संजीवनी म्हणाली, "मंग माझंबी काढा." मुख्याध्यापिकेशिवाय स्मरणिका निघत नाही, तेव्हा सध्या सगळेच अडकलेत.

पण कागदाची वाट न बघता एक गोष्ट मी करून टाकली. परवा प्रार्थनेच्या वेळी संजीवनीकडून पाच मिनिटं मागून घेतली आणि चौदाशे पोरांसमोर ते शुद्धिपत्र वाचलं. भूत कसं जन्माला आलं ते सांगितलं. मला वाटलं होतं, पोरं हसतील, किंवा निदान माझ्यावर रागावतील. पोरं निराश झाली! एवढं हातचं भूत गेलं. नववीतल्या एका मुलीने उठून विचारलं, "सर, म्हंजे जनकाबाई नाईच का?"

"होत्या ना. हे सगळं मैदान त्यांचं शेत होतं. त्यांनी दिलं म्हणून शाळा आहे."

ती म्हणाली, "मंग त पेन ठेवाच लागंल सर. आधी नुसतंच भेव होतं."

आता लिंबाखाली पुड्या आधीपेक्षा जास्त. गोविंदाचं वजन वाढलंय. संजीवनीने हात टेकले.

१८ जानेवारीला या, असं म्हणायचं धाडस होत नाही, तरी म्हणतो. या. तुम्ही आला नाहीत तर मला काय वाटेल ते महत्त्वाचं नाही. पण ती पोरं तुम्हाला बघतील तर त्यांना कळेल की जनकाबाईंना नात आहे, आणि ती याच शाळेत शिकली आणि इथेच पस्तीस वर्षं शिकवून गेली.

चंद्रशेखर


नागपूर,
३ जानेवारी २०२६

दातार सर,
जय भीम.

तुमची चारही पत्रं मिळाली. पत्ता आशावहिनींच्या अक्षरात होता म्हणूनच पहिलं फोडलं. पाकिटावर 'मंझुश्री' खरोखरच होतं. पोस्टमन मला आता मंझूबाई म्हणतो.

उशीर झाला, कारण तिसऱ्या पत्राचं उत्तर लिहायला बसले की राग यायचा आणि कागद फाडला जायचा. राग शब्दाचा नव्हता. २००१ साली माझे वडील होते. त्र्याऐंशी वर्षांचे. स्मरणिका घरी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पान १४ उघडलं. त्यांना ती ओळ दोनदा वाचावी लागली. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मंजू, मायचं वावर गेलं वं." दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, छापखान्याची चूक. सगळ्यांनी मान डोलावली. दातार सर चुकत नाहीत, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. घरी जाऊन मी वडिलांना काय सांगायचं होतं? दोन वर्षांनी ते गेले. तुमचं शुद्धिपत्र त्यांना वाचायला मिळालं नाही, हे मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका.

हे लिहून झालं. आता दुसरं.

भुताची गोष्ट वाचताना मी इतकी हसले की माझा भाचा प्रसेनजित ऑनलाइन मीटिंग सोडून धावत आला. त्याला वाचून दाखवली तर तोही हसत सुटला. मग मला एक गोष्ट आठवली. ती मी लेखात लिहिली नव्हती, तुम्हालाही कधी सांगितली नव्हती.

आजोबा खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्या कमाईवर ते दोन एकर घेतलं आणि आजोबा लवकर वारले. आजी त्या वावरात वांगी-मिरची लावायची. शंकरराव वकील शाळेसाठी जागा शोधत फिरत होते, कोणी देईना. आजी म्हणाली, "मी देते. पण माहा कचरू आत बसंल." वकिलांनी शब्द दिला आणि पाळला. दानपत्रात ती अट लिहिलेली आहे: सर्व जातींची मुले एकाच सतरंजीवर बसतील. खाली आजीचा अंगठा. पण शाळा उघडली त्या दिवशी बाकीच्या मंडळींनी वकिलांना सांगितलं, पोरगा बसू दे, बाई आत नको. आजी कुंपणाच्या बाहेर उभी राहून पोराला पाहत होती. त्यानंतर ती कधीच आत गेली नाही. बाबांना शिकून नोकरी लागली, मी त्याच शाळेत मास्तरीण झाले, तरी नाही. मी लहानपणी विचारायची, आजी, काऊन नाई येत? ती म्हणायची, "देलं त देलं. आता कायले पाय ठेवू?"

म्हणजे सर, तिचं वावर तिथे होतं, आणि तिचा वावर तिथे कधीच नव्हता. तुम्ही चार शब्द बदलले आणि जे खरं होतं ते खोटं केलंत, आणि जे कधी झालं नाही ते झालं असं छापलंत. पण मग त्या पोरांनी तिला आत आणलं. इतकी वर्षं ती खोली नंबर नऊच्या मागे बसून त्यांचं बीजगणित ऐकते आहे. यावर रागवायचं कसं, ते मला अजून समजलेलं नाही. गोविंदाला म्हणावं, चिवड्यातले शेंगदाणे सोडत जा, आजीला आवडायचे.

दानपत्राची नक्कल माझ्याकडे आहे. पहिल्या तुकडीची एकतीस नावं आहेत, बाबांच्या अक्षरात. पोस्टाने पाठवणार नाही. ती घेऊन मी मंगळवारी, ६ तारखेला, बुलढाण्याच्या गाडीने येते आहे, म्हणजे छपाईच्या आधी पोचेन. उतरायला आशावहिनींकडे. तुमच्याकडे नव्हे, त्यांच्याकडे. कार्यक्रम होईपर्यंत राहीन. रवीभाऊंना सांगा, कागद बघून घ्या. जागा परत मागायला येत नाही, चहा मात्र पाजा.

१८ तारखेला मला मंचावर बसवू नका, शाल-नारळ तर अजिबात नको. ती ओळ तुम्हीच वाचायची. मोठ्याने, सगळ्या गावासमोर, माझ्या आजीच्या पूर्ण नावासह. मी खाली, पहिल्या रांगेत, पोरांमध्ये सतरंजीवर बसेन.

चुकलात तर हात वर करीन.

मंजुश्री कचरू इंगळे